मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?

नदीकाठच्या कॅम्पग्राउंडचे फोटो कुठलेही बघा, ते एकाच जागेवरून काढलेले असतात. तंबूचं दार उघडं, समोर हाकेच्याही आत पाणी, पलीकडच्या तीरावर दाट झाडी. असे फोटो बघूनच आमच्याकडे नदीकाठी राहायला जायचं ठरलं. जाणारी मंडळी म्हणजे मी, माझी बहीण, तिची दोन मुलं, गुडघ्यांनी बेजार झालेला मामा आणि एक मित्र, जो एकदा झोपला की कानाशी ओरडलं तरी उठत नाही. जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला तासन्‌तास नकाशे बघत बसायची खोड आहे आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बहिणीची अट एकच होती, पाण्याजवळ हवं. मामा म्हणाला, "रात्री संडासला जाताना चढ नको, बाकी कुठेही टाका मला." मुलांना पोहायचं होतं. माझी अट मी सुरुवातीला कोणाला बोललो नाही, उगाच सगळ्यांचा विरस झाला असता. मला बघायचं होतं की ही नदी फुगली तर तिचं पाणी कुठून कुठे जातं.

हे डोक्यात बसलं ते दोन घटना वाचल्यापासून. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतात बिएस्कास गावाजवळ एक कॅम्पग्राउंड होतं. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी वरच्या डोंगरात धो धो पाऊस कोसळला आणि आरास नावाचा, एरवी किरकोळ वाटणारा ओढा दगडगोटे घेऊन थेट त्या तंबूंवर उतरला. ८७ माणसं गेली. डोंगरातला ओढा सपाटीला लागतो तिथे त्याचा जोर ओसरतो आणि सोबत आणलेला गाळ तो पंख्यासारखा पसरवून टाकतो. ते कॅम्पग्राउंड अशा पंख्यावर वसलं होतं. मोकळी जमीन, हलका उतार, पाण्याचा निचरा उत्तम. तंबू ठोकायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही, आणि ती सोय ओढ्यानेच पूर आणून आणून करून ठेवलेली असते.

दुसरी घटना अमेरिकेतल्या आर्कान्साची. ११ जून २०१० च्या पहाटे लिटल मिसूरी नदीचं पाणी काही तासांत सहा मीटरहून जास्त चढलं आणि अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडमधली २० माणसं वाहून गेली. डोंगरातली अरुंद दरी, रात्रीची वेळ, सगळे गाढ झोपेत, मोबाइलला रेंज नाही. पुराचा इशारा निघाला होता, पण तो त्या दरीत पोचवायचा कसा?

तेव्हा मी फोटो बाजूला ठेवले आणि समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा उघडला. उपग्रहचित्रात सगळं सपाट दिसतं. यादीतली दोन कॅम्पग्राउंडं 'नदीपासून पन्नास पावलांवर' असल्याचं मोठ्या अभिमानाने सांगत होती. नकाशात लगतच्या दोन रेषांमध्ये उंचीचा फरक पाच मीटरचा होता. पहिल्या जागेत पाणी आणि तंबू यांच्यामध्ये एकही रेषा नव्हती, म्हणजे तंबू पाण्याहून पाच मीटरही उंच नाही. दुसऱ्या जागेत त्याच पन्नास पावलांत दोन रेषा ओलांडल्या जात होत्या, म्हणजे उंची पाच मीटरहून जास्तच. जाहिरातीत दोघी सारख्या, पण पूर आला तर दुसरीत घोटाभर चिखलही होणार नाही आणि पहिलीत तंबूचा माथा बुडेल.

मग नदीची वळणं बघितली. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंद असतो, म्हणून तिथे वाळू साचते आणि सुंदर पुळण तयार होते. फोटो बहुधा तिथलेच. ही पुळण नदीच आणते आणि नदीच घेऊन जाते, ती सगळ्यात सखल असते आणि सगळ्यात आधी बुडते. बाहेरच्या बाजूला प्रवाह काठाला घासत जातो, काठ खालून पोखरला जातो. वरून हिरवळ, आत पोकळ. तंबूसाठी दोन्ही जागा वाईट, पण दिवसा बसायला आतली बाजू झकास. हे लक्षात आल्यावर बहिणीची अट निम्मी सुटली, कारण पाण्याजवळ बसायचं आणि पाण्याजवळ झोपायचं ही दोन वेगळी कामं आहेत.

गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं बघायची सोय आहे, तिचा फार उपयोग झाला. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं पाठोपाठ बघितली की नदी आपोआप चुगली करते. एका कॅम्पग्राउंडच्या दक्षिणेला एका चित्रात झाडी होती, पुढच्यात पांढुरका गोट्यांचा पट्टा आणि त्यानंतरच्यात पुन्हा कोवळी हिरवळ. म्हणजे मध्ये केव्हातरी पाणी तिथून वाहून गेलं होतं. ती जागा मी तिथल्या तिथे काढून टाकली. नदीच्या वरच्या अंगाला बोट फिरवत गेलो तेव्हा एका जागेच्या वर वीजनिर्मितीचं धरण दिसलं. धरणाखालच्या नदीचं गणित निराळं असतं. आभाळ निरभ्र असलं तरी विसर्ग सोडला की पाणी चढतं आणि मघाशी ज्या खडकावर पोरं बसली होती तो खडक बेट होतो. वेळापत्रक आगाऊ कळत असेल तर अशा जागीही राहता येतं. तिथे फोन केला तर पलीकडच्या माणसाला धरण आहे एवढंच माहीत होतं. पाणी कधी सोडतात, भोंगा वाजतो का, कोण कळवतं, यातलं काही नाही. तीही जागा गेली.

उरलेल्या सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? 'पूर येतो का' असं मुद्दाम विचारलं नाही. त्याला नाही म्हणणं फार सोपं असतं.

उत्तरं ऐकण्यासारखी होती. एकजण म्हणाला, "अहो, आपल्याकडे पूर येतच नाही. निर्धास्त या." दुसऱ्याने माझ्यावरच बाजी उलटवली, "तुम्ही भर पावसात थोडेच येणार आहात?" तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी फोन उचलला. प्रश्न ऐकून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "खालची ओळ बुडाली होती. स्वच्छतागृहाच्या भिंतीवर खूण केलेली आहे, आलात की दाखवते. वरच्या टप्प्यावर पाणी आलं नाही. पण एक सांगते, येतानाचा ओढा भरला की रस्ता बंद होतो. तेव्हा आहात तिथेच थांबायचं, गाडी काढायची नाही."

माझा कल तिथेच ठरला होता. तरी बघितल्याशिवाय पैसे भरायचे नव्हते, म्हणून मित्राला घेऊन उरलेल्या जागा बघायला निघालो.

पहिली जागा 'पूर येतच नाही' वाल्यांची. दिसायला अप्रतिम. जुनी झाडं, खाली मऊ गवत, पाणी अगदी पायाशी. मालक स्वतः फिरवून दाखवत होते. एका झाडाखाली उभं राहून मी वर बघितलं तर माझ्या डोक्याहून वरच्या बेचक्यात वाळलेलं गवत, काटक्या आणि पोत्याची चिंधी अडकलेली. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "वाऱ्याने आलं असेल." मी पुढच्या झाडाकडे गेलो, मग त्यापुढच्या. सगळीकडे कचरा त्याच उंचीवर, आणि खोडाच्या एकाच अंगाला, नदी येते त्या अंगाला. वारा असा मोजून मापून वाहत नाही. खोडांवर त्याच बाजूला साली खरवडल्याच्या जुन्या खुणा होत्या, वाहत आलेले ओंडके घासून गेल्याच्या. एवढं सगळं झाडांवर लिहिलेलं असताना मालक वाद घालत होते याचा मला राग कमी आणि गंमत जास्त वाटली. आम्ही आभार मानून निघालो. मित्र गाडीत म्हणाला, "जागा छान होती पण." होतीच.

दुसऱ्या जागेत पुराची भीती नव्हती, नदीपासून ती बरीच वर होती. तिथे आम्ही मुद्दाम संध्याकाळी पोचलो. दिवसा सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. तंबूंची जागा म्हणजे तिन्ही बाजूंनी टेकाडं आणि मध्ये खोलगट वाटी. सूर्य मावळल्यावर वरून खाली चालत गेलो तर पायाला आधी गारवा लागला, मग कमरेला, आणि तळाशी पोचेपर्यंत अंगावर काटा आला. रात्री जमिनीलगतची हवा गार झाली की जड होते आणि उतारावरून घरंगळत सखल जागी साचते. अशा वाटीत तंबू लावला की पहाटे आतून कापड ठिबकायला लागतं, झोपायच्या पिशव्या ओल्या होतात आणि धुकं उशिरापर्यंत हलत नाही. तरणीताठी माणसं हे सहन करतील, पण मामाच्या गुडघ्यांना ते मानवणार नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथे खटकली, ती म्हणजे वठलेली झाडं. रानात वठलेलं झाड असणारच, त्यात पक्षी राहतात, किडे राहतात, ते तोडून टाकावं असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या खाली तंबू नको. वारा नसतानाही वाळकी फांदी सुटते. मी हिशेब साधा ठेवतो. झाड पडलं तर जिथवर पोचेल त्याच्या दीडपट लांब झोपायचं. खोडावर आडव्या फळ्यांसारखी बुरशी उगवलेली दिसली तर वरची पानं कितीही हिरवी असोत, आतलं लाकूड कुजलेलं असतं.

तिसरी जागा त्या बाईंची. मी त्यांना ताई म्हणायला लागलो, त्यांनी मला आधी पाय धुवून चिखल काढायला लावला आणि मग भिंतीवरची खूण दाखवली. रंगाने मारलेली आडवी रेघ, माझ्या छातीपर्यंत. शेजारी तारीख. जुनं स्वच्छतागृह खालच्या ओळीत होतं, नवं त्यांनी वर बांधलं. जुन्याची भिंत ठेवली ती याच खुणेसाठी. "लोक विचारतात, भिंत पाडत का नाही," त्या म्हणाल्या. "पाडली तर पुढच्याला काय दाखवू?"

वरचा टप्पा म्हणजे नदीचं जुनं पूरमैदान. कोणे एके काळी नदी त्या उंचीवरून वाहायची, मग तिने पात्र खोल कापत नेलं आणि जुनी सपाटी वर राहिली. अशा जागेचा फायदा असा की जमीन सपाट मिळते, पाणी दूर राहतं आणि नदी तरी दिसते. झाडांच्या बेचक्यांत काही अडकलेलं नव्हतं. खालच्या ओळीत मात्र अडकलेलं होतं, ताईंच्या रेघेच्याच उंचीवर. भिंत आणि झाडं एकच साक्ष देत होती, मला तेवढं पुरे होतं.

मग प्लॉट निवडायला घेतले. हे काम मी अक्षरशः आडवं पडून करतो. मित्र हसतो, हसू दे. उभ्याने सपाट वाटणारी जमीन पाठीला लगेच कळते. मुळं कुठे टोचतात, डोकं कुठल्या बाजूला चढावर येईल, सगळं दोन मिनिटांत समजतं. नदीकडच्या कडेचा प्लॉट सगळ्यात देखणा होता, पण त्याच्या मधोमध पालापाचोळा अर्धवर्तुळात साचला होता आणि त्याखालची माती तडकलेली होती. पावसाचं पाणी तिथे तळं करून उभं राहतं आणि वाळताना मातीला भेगा पडतात. दुसरा प्लॉट चांगला होता, पण त्यातून एक बारीक पायवाट पाण्याकडे उतरत होती. माणसांची असेल असं वाटलं, पण वाट ज्या झुडपाखालून जात होती तिथून माणूस गुडघ्यावर रांगतच जाईल. जनावरांच्या पाणवठ्याच्या वाटेवर तंबू लावला तर रात्री दोघांचीही पंचाईत होते. ताई म्हणाल्या की रानडुकरं येतात, खाण्याचं सामान तंबूत ठेवलं नाही तर ती आपल्या वाटेने निघून जातात. त्यांच्याकडे सामानासाठी लोखंडी कपाटं होती.

शेवटी आतल्या बाजूचे शेजारशेजारचे तीन प्लॉट ठरले. तिथून स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट सपाट, त्यामुळे मामाचा प्रश्न मिटला. नळाचं पाणी विहिरीचं होतं. नदीचं पाणी प्यायची वेळ आली तर ते खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, दोन हजार मीटरहून उंच जागी तीन मिनिटं. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांवर मी विसंबत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना सहसा दाद देत नाही. भांडी घासायची, आंघोळीची कामं पाण्यापासून साठ मीटर तरी लांब करायची, असा ताईंचा नियम होता. साबणावर 'निसर्गस्नेही' लिहिलेलं असलं तरी तो नदीत चालत नाही, हे त्या आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात.

खाली पुळणीवर गेलो ते मुलांसाठी. पाण्यात काडी टाकली आणि तिच्याबरोबर काठाने चालत गेलो. चालून गाठता आली. पळावं लागलं असतं तर मुलांना घोट्यावर पाण्यात उतरू दिलं नसतं. पण मी जास्त वेळ घालवला तो पुळणीच्या खालच्या अंगाला. तिथे वळणापुढे एक उन्मळलेलं झाड पात्रात आडवं पडलं होतं. अशा झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस मात्र अडकतो, आणि मागून येणारं पाणी त्याला तिथेच दाबून धरतं. चांगल्या पोहणाऱ्यांचाही अशा ठिकाणी इलाज चालत नाही. म्हणून पुळणीच्या वरच्या निम्म्या भागातच पोहायचं आणि खाली कायम एक मोठा माणूस उभा राहणार, असं बहिणीला सांगितलं. तिने लगेच मला त्या कामावर नेमून टाकलं.

राहिला रस्ता. ताईंनी सांगितलेल्या ओढ्यावर फरशी पूल होता, काठापासून जेमतेम वर. तिथे आम्ही गाडी थांबवून खाली उतरलो. वाहतं पाणी पंधरा सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, तीस सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते आणि साठमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. पुरात जीव जातात त्यांतले कितीतरी असे गाडीत बसलेल्यांचेच असतात. त्यामुळे माझ्या मते ताईंचं 'आहात तिथेच थांबा' हे नुसतं सोयीचं बोलणं नव्हतं. टप्प्यावरून मागच्या टेकडीवर जायला पायवाट आहे का, हे मी बघून ठेवलं. होती, आणि मामाही सावकाश चढेल इतकी सोपी.

फक्त एका गोष्टीवर आमच्यात वाद झाला. त्या टप्प्यावर खळाळाचा आवाज चांगला मोठा येतो. बहिणीला तो हवाच होता, त्या आवाजात झोप छान लागते म्हणे. लागतेच. पण त्याच आवाजात कोणी हाक मारलेली ऐकू येत नाही. २०२५ च्या ४ जुलैला टेक्सासमधली ग्वादालूपे नदी पहाटेच्या अंधारात पाऊण तासात जवळपास आठ मीटर चढली होती. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत नदीकाठच्या शिबिरातल्या लहान मुलीही होत्या. तेव्हा आवाज असू दे, पण आभाळ भरलेलं असेल त्या रात्री मोठ्यांपैकी एकजण जागा राहील, असं ठरलं. वरच्या अंगाला लांब कुठे गडगडत असेल तरी आपल्या डोक्यावर चांदणं असतं, म्हणून आभाळ बघायचं ते नदी जिकडून येते तिकडचं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली किंवा खळाळाचा आवाज बदलला, तर खाली कोणी असेल त्याला लगेच वर बोलवायचं. झोपाळू मित्राचा तंबू मधला ठेवला. त्याला उठवायची जबाबदारी मुलांनी हौसेने घेतली.

प्लॉट आरक्षित करायला फोन केला तेव्हा ताईंनी सवयीने विचारलं, "खालच्या ओळीतला देऊ का? रिकामा आहे, नदी अगदी जवळ."

मी म्हटलं, "वरचेच तीन द्या, ताई. खाली दिवसा खुर्च्या टाकू."

"अंधार पडायच्या आत उचलून न्या," त्या म्हणाल्या, आणि आमची नावं लिहून घ्यायला लागल्या.